एकच पर्याय निवडा

मागे एकदा एका इंटर्नशिपचा ऑनलाइन फॉर्म भरत होते. नाव, पत्ता, दहावी, बारावी सगळं नेहमीसारखं, आणि मग 'सध्या शिकत असलेला अभ्यासक्रम' अशी एक ओळ आली, शेजारी बाण, बाणावर क्लिक केलं की लांबलचक यादी. मी बी.ई. सिव्हिल निवडलं. मग परत यादी उघडून बी.ए. इतिहास निवडलं, तर आधीचं सिव्हिल गेलं. परत सिव्हिल निवडलं, इतिहास गेला. 'आणखी एक जोडा' असं कुठे बटण आहे का म्हणून सगळं पान वरखाली करून बघितलं, नव्हतं. शेवटी सिव्हिल ठेवलं, कारण काम साइटवरचं होतं, आणि सबमिट केलं. मेल आला, विषय संपला. पण रात्री ते काही डोक्यातून जाईना. ज्याने तो फॉर्म बनवला त्याने एक माणूस एका वेळी एकच काहीतरी शिकतो एवढंच साधं गृहीत धरलं असणार, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे, हे सगळं मला कळत होतं. तरी एक निवडलं की दुसरं आपोआप पुसलं जाणं, तेही आवाज न करता, हे बघून आत कुठेतरी टोचलं.

कारण इतकी वर्षं मी नेमकं तेवढंच होऊ नये म्हणून धडपडतेय.

नियमाचं म्हणाल तर आता त्यात काही अडचण उरलेली नाही. १३ एप्रिल २०२२ ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही कॉलेजात जाऊन करायच्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, नाहीतर एक कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन, किंवा मग दोन्ही दूरशिक्षणातून, पीएचडी मात्र यात नाही. माझी बारावीची परीक्षा तेव्हा नुकतीच संपली होती आणि घरात सीईटीशिवाय दुसरा विषय नव्हता, त्यामुळे ती बातमी वाचली आणि विसरून गेले. पुढच्या वर्षी आठवली तेव्हा नियम होता पण कॉलेजच्या ऑफिसात त्याबद्दल कुणाला फारसं माहीत नव्हतं. तिकडे दूरशिक्षण केंद्राला कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला हवा, आणि माझा मूळ दाखला इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला जमा झालेला. ऑफिसातले काका स्वभावाने फार चांगले, त्यांनी फाइल काढून तो मला दाखवलासुद्धा, प्लास्टिकच्या फोल्डरमधला, एक कोपरा दुमडलेला, पण हातात दिला नाही. "अगं, हा तुला दिला तर तू आमच्याकडची राहिलीच नाहीस ना," म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. दाखला मिळतो तो सोडून जाणाऱ्याला, आणि मला तर काहीच सोडायचं नव्हतं. शेवटी बोनाफाइड, हमीपत्र, झेरॉक्सवर सही-शिक्का असं करत करत एकदाचं जमलं. ही अडचण माझ्या एकटीची नव्हती हे नंतर कळलं, नियम आल्यावर काही महिन्यांतच यूजीसीला विद्यापीठांना परत पत्र लिहावं लागलं होतं की मायग्रेशन आणि दाखल्यांपायी मुलांना अडवू नका.

इतिहासच का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलंय. घरी, कॉलेजात, लग्नाकार्यात, सगळीकडे. मामा तर अजूनही भेटला की म्हणतो, "दोन डगरींवर पाय ठेवून चालत नसतं गं," आणि त्याच्या आवाजात काळजीच असते, टोमणा नसतो, म्हणून उत्तर द्यायला जास्त जड जातं. खरं उत्तर असं आहे की हे सगळं सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला सुरू झालं. सेकंड इयरला लेव्हलिंग, म्हणजे जमिनीचे उंचसखलपण मोजणं, करत होतो, ग्राउंडवर ऊन मी म्हणत होतं, ट्रायपॉडचे पाय मुरमात रुतत नव्हते, बुडबुडा मध्ये आणला की कुणाचा तरी पाय लागायचा आणि परत पहिल्यापासून. आमच्याकडे एक जुनी डंपी लेव्हल होती, तिच्या दुर्बिणीतून बघितलं की स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली पट्टी, धरलेली मैत्रीण उलटी दिसायची, डोकं खाली पाय वर, आणि त्या उलट्या आकड्यांमधून आपण रीडिंग घ्यायचं. सरांनी सांगितलं, इथला बेंचमार्क, म्हणजे ज्याच्यापासून बाकीच्या उंच्या मोजायच्या तो बिंदू, १००.००० धरा. धरला. मग सहज म्हणाले की प्रत्यक्ष कामात जीटीएस बेंचमार्कपासून सुरुवात करतात, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, परीक्षेला दोन मार्कांना येतं, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं.

पण मला ते दोन मार्कांत मावेना. हा पहिला आकडा कुणी धरला? कुणाच्या परवानगीने, कुणाच्या खर्चाने, कुणाच्या पाठीवरून? घरी येऊन वाचत बसले. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली बेसलाइन मोजली, साखळीने, साडेसात मैलांची. त्याचा मोठा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्धा टन वजनाचा होता आणि तो डोंगरावर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचा म्हणजे माणसं लागणार, ती माणसं कोण होती त्यांची नावं कुठे सहज सापडत नाहीत. लॅम्बटन वारला १८२३ मध्ये, आणि कुठे, तर आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला, कामावर असतानाच. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट आला, राधानाथ सिकदारांनी आकडेमोड केली, ते सगळं आपल्याला थोडंफार माहीत असतं, पण हिंगणघाट मला माहीत नव्हतं आणि सर्व्हेइंगच्या पुस्तकात ते असायचं काही कारणही नव्हतं. आमच्या पुस्तकात बेंचमार्क हा फक्त एक आकडा आहे. कंपनी सरकारला हा देश इतक्या बारकाईने मोजून कशाला हवा होता, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत, दुसऱ्या कुठल्या तरी मुलांना विचारला जातो. मला त्या इमारतीतही जायचं होतं. एवढंच ते कारण.

दूरशिक्षणात तशी इमारत नसते म्हणा. पोस्टाने जाडजूड पुस्तकं येतात, काही पीडीएफ येतात, रविवारी कधीतरी केंद्रावर संपर्क तास असतात आणि तिथे पोलिसात असलेले, बँकेत असलेले, लग्नानंतर कॉलेज सुटलेल्या दोघी-तिघी ताया आणि मी असे बसतो. मला ते तास फार आवडतात. तिथे कुणी मार्कांसाठी घाई करत नाही. एकदा १८५७ वर बोलणं चाललेलं आणि रिटायरमेंटला आलेले एक काका म्हणाले, आमच्या पिढीला शाळेत हे वेगळं शिकवलं होतं, आणि तासभर मग तेच चाललं, की शाळेत शिकवलेलं बदलतं कसं, कोण बदलतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात अशी चर्चा व्हायला जागाच नाही. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाच्या भारतीय मानकात, जे लिहिलंय ते लिहिलंय. आणि ते असायलाच पाहिजे, कॉलमचं डिझाइन करताना प्रत्येकाने आपापलं मत मांडायला लागलं तर इमारती उभ्या राहायच्या नाहीत, हेही मला मनापासून पटतं.

दिवसाचं म्हणाल तर तो साधारण असा जातो. दुपारी लॅबमध्ये क्यूब टेस्टिंग, काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे ठोकळे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेले, मशीनमध्ये घालायचे आणि लोड वाढत जाताना बघायचं. आधी काहीच होत नाही. मग बारीक कुरकुर ऐकू येते, पृष्ठभागावर केसाएवढी रेघ उमटते, आणि मग एकदम दाबलेला, जाडसर, पोटात जाणवणारा आवाज होऊन काटा मागे येतो. तो शेवटचा आकडा लिहायचा, एकक लिहायचं, भागायचं, न्यूटन पर चौरस मिलिमीटर. हाताला सिमेंटचा वास येतो आणि तो साबणाने जात नाही. संध्याकाळी त्याच हाताने इतिहासाची असाइनमेंट लिहायची, हाताने लिहिलेलीच चालते, प्रत्येक उत्तर पाचशे शब्द. पहिल्या सत्रात मी सगळी उत्तरं मुद्द्यांमध्ये लिहिली होती, एक दोन तीन, खाली रेघ मारून निष्कर्ष, कारण दोन वर्षं इंजिनिअरिंगने हातालाच तसं वळण लावलेलं. तपासणाऱ्या मॅडमनी शेवटी हिरव्या पेनने लिहिलं होतं, 'मुद्दे सगळे आहेत. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, ते सांगा.' मी तो कागद अजून जपून ठेवलाय. त्या एका ओळीने मला जे शिकवलं ते नंतर इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही कामाला आलं आणि सध्या तर रोजच येतंय.

उलटंही होतं, आणि ते झालं की फार बरं वाटतं. हडप्पा संस्कृतीच्या युनिटमध्ये विटांचं प्रमाण दिलेलं असतं, जाडी, रुंदी, लांबी, एकास दोन चार. इतिहासाच्या पुस्तकात ते प्रमाणबद्ध नगररचनेचा पुरावा म्हणून एका वाक्यात येऊन जातं. मी तिथेच थांबले. कारण आमच्या बिल्डिंग मटेरियल्समध्ये आयएस १०७७ ची मॉड्युलर वीट शिकवतात, तिचा एक आकार १९० बाय ९० बाय ४० मिलिमीटर आहे, म्हणजे मसाल्याची जाडी धरली तर २००, १००, ५०. तेच प्रमाण. आणि ते तसं का असतं हे आम्हाला हाताने शिकवलंय, वर्कशॉपमध्ये कोरड्या विटा रचून, की लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तरच एक वीट आडवी एक उभी घालताना सांधे एकावर एक येत नाहीत आणि भिंत एकजीव होते. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी गवंड्याने तीच अडचण सोडवलेली. मोहेंजोदारोचं ते मोठं स्नानगृह, साधारण बारा मीटर बाय सात, सुमारे अडीच मीटर खोल, विटांमध्ये जिप्समचा मसाला आणि मागे डांबराचा थर. परीक्षेत बाकीचे लोक धार्मिक महत्त्व लिहितात, तेही लिहावंच, पण मी त्यात वॉटरप्रूफिंगवर अर्धं पान लिहिलं. पाणी थोपवून धरणं ही किती अवघड गोष्ट आहे हे ज्याने गळकी स्लॅब बघितलीय त्यालाच कळतं.

आणि मग अमेरिकेतला टॅकोमाचा पूल. तो व्हिडिओ प्रत्येक इंजिनिअरिंगच्या मुलाने बघितलेला असतो, काळापांढरा, पूल पिळवटतोय, वरून गाडी घसरतेय. १९४० च्या १ जुलैला उघडला आणि ७ नोव्हेंबरला पडला. आम्हाला बारावीच्या फिजिक्सपासून सांगितलेलं की हे रेझोनन्सचं उदाहरण, वाऱ्याची वारंवारता पुलाच्या वारंवारतेशी जुळली. थर्ड इयरला स्ट्रक्चरल डायनॅमिक्स शिकताना मी नुसत्या सवयीने शोधायला लागले की हे सगळ्यात आधी कुणी म्हटलं, आणि शोधता शोधता १९९१ सालचा बिल्ला आणि स्कॅनलन यांचा अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समधला लेख हाती लागला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. त्या वेगाच्या वाऱ्यात पुलामागे भोवरे सुटण्याची वारंवारता सेकंदाला साधारण एक, आणि पूल पिळवटत होता सेकंदाला ०.२ या गतीने. जुळतच नाही. पुलाच्या स्वतःच्या हालचालीनेच वाऱ्याचा जोर वाढत गेला, आणि त्या जोराने हालचाल. याला फ्लटर म्हणतात. आणि तरी पुस्तकांतून तीच रेझोनन्सची गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे उतरत आली, कारण प्रत्येक लेखकाने आधीच्या लेखकावर भरवसा ठेवला. इतिहासाच्या पहिल्या पेपरात साधनांची चिकित्सा म्हणून जे शिकवतात ते हेच. बखरीतला एक मजकूर दुसऱ्या बखरीत कसा जातो हे शिकताना मला ती रेझोनन्सची आकृती दिसत होती. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा सर खरंच खूश झाले, आणि पुढच्या बॅचला आता ते फ्लटर म्हणूनच शिकवतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की दोन डिग्र्या म्हणजे नुसता आनंद. तसं नाहीये. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच वेळी येतात, डिसेंबर आणि जून, आणि एकदा तर एकाच दिवशी, एकाच वेळेला, दोन वेगवेगळ्या केंद्रांवर माझे दोन पेपर आले. सकाळी दहाला इकडे जिओटेक्निकल आणि तिकडे मध्ययुगीन भारत. दोन हॉल तिकिटं टेबलावर शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते. इतिहासाचा पेपर पुढच्या सत्रावर टाकला, कारण तिथे टाकता येतो, आणि इंजिनिअरिंगचा टाकला तर केटी लागते. प्रत्येक वेळी असंच होतं. ज्याच्यात जरा ढील आहे तेच मागे सरतं, आणि ढील नेहमी इतिहासाकडेच असते. याचं मला दुःख आहे. ज्या व्यवस्थेने विद्यार्थ्याच्या सोयीसाठी दार उघडं ठेवलं, तिलाच दर वेळी थांबायला सांगायचं. यूजीसीने तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत असं म्हटलं, पण परीक्षांच्या तारखांचं कोण बघणार, दोन विद्यापीठं एकमेकांना फोन करून तर वेळापत्रक लावणार नाहीत. निदान तारखांचा मेळ बसत नसेल तर तोच पेपर काही दिवसांनी देता येईल अशी सोय दोन्हीकडे हवी. नियम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला पाहिजे असं मला फार वाटतं, कारण माझ्याबरोबर दुसऱ्या डिग्रीला नाव घातलेल्या बऱ्याच जणांनी ती सोडली आणि ती विषय नावडला म्हणून सोडली नाही.

थकायला होतं हेही खरं. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनला ड्रॉइंग शीट संपवून मग मनसबदारीवर वाचायला घेतलं की अक्षरं नुसती समोर असतात. मैत्रिणी ट्रेकला जातात, रविवारी मी केंद्रावर. त्या बोलवायच्या, नंतर नंतर बोलवणं कमी झालं, रागाने नाही, मी नाहीच येणार हे सगळ्यांना ठाऊक झालं म्हणून, आणि हे बोलवणं कमी होण्याचं जे वाईट वाटतं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. दोन्हीकडे मी पहिल्या बाकावरची कधीच नव्हते. इंजिनिअरिंगचा पॉइंटर बरा आहे, अजून चांगला झाला असता. इतिहासात मोडी शिकायची होती, ते राहूनच गेलंय. एकच काहीतरी पुरतं केलं असतं तर कुठवर गेले असते, हा विचार येतो, आणि तो आला की मी त्याला नाही म्हणत नाही. येऊ देते.

माझ्या वर्गातले काही जण दुसरी डिग्री करतात ती वेगळ्या कारणाने. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली, तिला इंजिनिअरिंगची कितीतरी मुलं आहेत, मेकॅनिकलची, सिव्हिलची, ज्यांना आपल्या ब्रँचमध्ये नोकरी मिळेल याची खात्री वाटत नाही. त्यांना कुणी नावं ठेवली तर मला आवडत नाही. माझ्या शेजारी बसणारा मुलगा रात्री त्याचे आठवड्याचे असाइनमेंट पुरे करतो आणि सकाळी साइट व्हिजिटला हजर असतो, घरची जबाबदारी त्याच्यावर आहे, त्याला दुसरी पदवी आधार म्हणून हवीय आणि तो ती प्रामाणिकपणे करतोय. आयआयटीतली पाच वर्षांची बी.टेक.-एम.टेक. ड्युअल डिग्री, बिट्स पिलानीला एम.एस्सी.बरोबर बी.ई. मिळते ती, या सगळ्यांना लोक सर्रास ड्युअल डिग्रीच म्हणतात पण तिथे एकच संस्था दोन्ही गोष्टी सांभाळते, वेळापत्रक एक, ऑफिस एक, दाखला एक. ज्याला दुसऱ्या विषयाची नुसती ओळख हवीय त्याने मायनर घ्यावा, एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमात त्याला साधारण १८ ते २० जादा क्रेडिट लागतात, आणि मला विचाराल तर पुष्कळांना तेवढं पुरतं. ज्युनियर मुलं विचारायला येतात तेव्हा मी त्यांना आधी हेच सांगते. बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून पूर्ण डिग्री करू नका, ती ओळ फार महाग पडते. पण एखादा प्रश्न असा असेल की तुमच्या ब्रँचमध्ये तो विचारायची सोयच नाही, आणि तो सुटतही नाही, तर करा. मग दमलात तरी चालेल.

त्या फॉर्मचं मला इतकं का लागलं ते हे लिहिताना जरा कळतंय. नोकरी मिळेल न मिळेल, ती भीती त्यात नव्हती. त्या फॉर्ममध्ये सिव्हिल निवडलेली जी मुलगी गेली ती मी नव्हेच, असं वाटत राहिलं. इतिहास वाचणारी मी आणि बीमचं डिझाइन करणारी मी अशा दोघी नसतातच, असत्या तर एकीला घरी ठेवून दुसरीला पाठवता आलं असतं. आता मी साइटवर उभी राहिले की मला माती दिसते आणि त्या मातीवर आधी काय होतं तेही विचारावंसं वाटतं, हे दोन्ही एकदमच होतं, आधी एक मग दुसरं असं नाही.

सध्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हेच सगळं गळ्याशी आलंय. मी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तो विषय घेतलाय. १२ जुलै १९६१. मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवलं गेलं, पाणी बाहेर सोडायच्या बोगद्याचं काँक्रीट सळई न घातलेलं, ते खचलं, वरचा भराव बसला, आणि सैन्याच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही सकाळी धरण गेलं. मग खाली १८७९ चं खडकवासल्याचं दगडी धरण, तेही गेलं, आणि मुठेचं पाणी पुण्यात. आमच्या डॅम इंजिनिअरिंगच्या नोट्समध्ये याचा उल्लेख 'आउटलेट कॉन्ड्युट फेल्युअर' असा एका ओळीत आहे. ती ओळ चुकीची नाही. पण काम अपुरं असताना पाणी साठवायचं कुणी ठरवलं, घाई कशाची होती, आदल्या दिवशी कुणाला काय दिसलं आणि त्याने ते कुणाला कळवलं, नदीकाठच्या लोकांना किती वाजता काय सांगितलं गेलं, हेसुद्धा त्या धरणाच्या फेल्युअरमध्येच येतं असं माझं ठाम मत आहे. काँक्रीटमध्ये सळई नसणं हा निर्णय आहे, तो कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला असतो.

गाइड सरांना पहिला ड्राफ्ट दाखवला तेव्हा त्यांनी मधलं सगळं प्रकरण पेन्सिलीने कंसात घातलं. "हे चांगलं लिहिलंयस," म्हणाले, "पण हे जाणार कुठल्या चॅप्टरमध्ये? लिटरेचर रिव्ह्यूमध्ये बसत नाही."

"फेल्युअर ॲनालिसिसमध्ये, सर."

"एक्स्टर्नल परीक्षक विचारतील, याचं कॅल्क्युलेशन कुठंय."

मी म्हटलं की विचारू देत, मी उत्तर देईन. सर बराच वेळ पानं उलटत राहिले. सीपेजची आकृती, स्लोप स्टॅबिलिटीचे आकडे, मग तो कंसातला मजकूर, परत आकृती. मला वाटलं आता काढायला सांगणार. मग म्हणाले, "असं सुटं सुटं नको लिहू. एक तक्ता कर, तासागणिक. एका रकान्यात पाण्याची पातळी आणि धरणाची स्थिती, शेजारच्या रकान्यात त्या वेळी कोण कुठे होतं आणि काय ठरलं. दोन्ही एकाच ओळीत वाचता आलं पाहिजे. ते जमलं तर राहू दे, नाहीतर परिशिष्टात टाक."

मॅडमनी हिरव्या पेनने जे लिहिलं होतं तेच सर त्यांच्या भाषेत सांगत होते.

तर आता तो तक्ता चाललाय. पहिला रकाना बराच भरलाय, नाईक आयोगाच्या चौकशीत आलेली तांत्रिक माहिती आणि सरांनी दिलेली जुनी टिपणं यातून तो जमतो. दुसऱ्यात अजून खूप मोकळ्या जागा आहेत. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं ग्रंथालयात बघायची आहेत, बांधीव खंड आहेत पण पानं हाताळायला नाजूक म्हणून फोटो काढायला वेगळी परवानगी लागते, तिचा अर्ज दिलाय. संपर्क तासाला येणाऱ्या एका ताईंच्या सासूबाई तेव्हा नदीकाठच्या पेठेत राहायच्या, त्यांनी बोलायची तयारी दाखवलीय, पण दुपारी तीननंतर या म्हणाल्यात, आणि नेमका त्याच वेळी माझा डिझाइनचा रिव्ह्यू आहे. सरांना विचारून रिव्ह्यू सकाळी घेता येतो का ते आज बघते.